चिमाजी अप्पा आणि दोनदा आलेलं 'नाव'



डीबीएमएसच्या मिनी प्रोजेक्टला मी आपला वसईचा किल्ला घेतला होता. सबमिशनच्या आदल्या रात्री चिमाजी अप्पांचं पान उघडलं. मृत्यू : २८ एप्रिल १७४०. साल बरोबर, म्हणून मी पुढे गेलो. रूममेट म्हणाला की ही तारीख बाजीरावांची. नीट बघतो तर नावाच्या रकान्यातही बाजीरावच!

टेबलमधला डेटा मात्र बरोबर होता. भावाची माहिती आणायला मी 'व्यक्ती' टेबल त्याच टेबलशी जॉइन केलं होतं आणि आळसाने सिलेक्ट स्टार लिहिलं होतं. निकालात 'नाव' दोनदा, 'मृत्यू' दोनदा. एसक्यूएलची त्याला काहीच हरकत नसते. पण पीएचपीच्या असोसिएटिव्ह अॅरेत एका नावाला एकच जागा, त्यामुळे नंतरचा कॉलम आधीच्याच्या डोक्यावर बसतो. थोरला भाऊ राहिला, धाकटा पुसला गेला.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातही तसंच होतं. बाजीराव माहीत, अप्पा म्हणजे त्यांचा भाऊ, बस्स!

बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाईंचा हा धाकटा मुलगा. १७२० मध्ये वडील गेले, पेशवाई बाजीरावांना मिळाली. अप्पांनी १७२८ मध्ये माळव्यात अमझेऱ्याची लढाई जिंकली, १७३६ मध्ये रेवसजवळ सिद्दी साताला मारलं. मग वसई. किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी, त्यामुळे मारा उत्तरेकडूनच. तटाखाली सुरुंग पेरले, त्यातले काही उशिरा उडून आपलीच माणसं गेली. तरी १६ मे १७३९ ला पोर्तुगीज शरण आले. अप्पांनी त्यांना बायकामुलांसह सन्मानाने जाऊ दिलं. मला लढाईपेक्षा हेच जास्त आवडलं.

पुढच्या एप्रिलमध्ये बाजीराव गेले आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला अप्पाही. मुलगा सदाशिव तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा. हाच पुढे पानिपतावर पडलेला भाऊ.

१८०२ चा वसईचा तह करणारे दुसरे बाजीरावही माझ्या टेबलात आहेत, आणि त्यांच्या भावाचं नाव काय? चिमाजी अप्पाच! पण तिथे आयडी वेगळे होते, म्हणून वाचलो. कॉलमना मात्र आयडी नसतो. शेवटी स्टार काढला, एकेक कॉलम लिहिला, 'अॅज' लावून 'भावाचं_नाव', 'भावाचा_मृत्यू' अशी नावं दिली आणि पान रिफ्रेश केलं.

चिमाजी अप्पा. मृत्यू : १७ डिसेंबर १७४०.

पहाटेचे चार वाजले होते.