माळी की इंजिनिअर? – आंद्रे ल नोत्र

सिव्हिलच्या पोरांना एक प्रश्न नेहमी पडतो. डंपी लेव्हल आणि स्टाफ घेऊन भर उन्हात ग्राउंडभर फिरायचं, रीडिंग्ज लिहायची, पण याचा पुढे उपयोग काय? तर मंडळी, आज ओळख करून घेऊया अशा एका माणसाची, ज्याने आयुष्यभर उतार, पातळी आणि नजरेची रेषा यांचाच खेळ मांडला. त्याच्याकडे डिग्री नव्हती. पेशाने तो माळी, आणि तोही घराण्यातला तिसऱ्या पिढीचा माळी!

आंद्रे ल नोत्र याचा जन्म १२ मार्च १६१३ रोजी पॅरिसमध्ये झाला. आजोबा आणि वडील दोघेही त्युलेरी या राजवाड्याच्या बागेत कामाला. त्यामुळे कुदळ, फावडं आणि कलमं हे सगळं त्याच्या अंगणातच होतं. पण पोराला लहानपणी चित्रकलेचा नाद. सिमोन व्हुए या नामांकित चित्रकाराच्या स्टुडिओत तो शिकला. तिथे त्याला यथार्थदर्शन, म्हणजे आपलं पर्स्पेक्टिव्ह, नीट समजलं. शार्ल ल ब्रँ हा पुढे गाजलेला चित्रकार त्याला तिथेच भेटला. १६३७ मध्ये वडिलांची जागा आपल्यालाच मिळणार हे पक्कं झालं आणि आंद्रे माळीकामात स्थिरावला. १६४० मध्ये लग्न झालं. तीन मुलं झाली, पण एकही जगलं नाही. राजाच्या बागा फुलवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं घर मात्र रितंच राहिलं.

त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे ५५ किलोमीटरवर, मेलँ गावाजवळच्या शेतजमिनीत. राजाचा अर्थमंत्री निकोला फुके याला तिथे एक वाडा बांधायचा होता. त्याचं नाव व्हो-ल-व्हिकोंत. फुकेने १६५६ च्या सुमारास टीम जमवली : वास्तुरचना लुई ल व्हो याची, आतली सजावट ल ब्रँची आणि बाग ल नोत्रची. इतकी मोठी आणि इतकी मोकळी जागा ल नोत्रला पहिल्यांदाच मिळत होती, आणि त्याने तिचं सोनं केलं.

आता खरी गंमत ऐका. वाड्याच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की सगळी बाग एका नजरेत दिसते. दूरच्या टोकाला दगडी कमानींची गुहा दिसते आणि वाटतं की ती समोरच्या चौकोनी तळ्याला लागूनच आहे. पण चालायला लागलं की कळतं, हे अंतर संपतच नाही! ल नोत्रने लांबचे वाफे आणि तळी जवळच्यापेक्षा मुद्दाम मोठी आणि लांबट केली होती. लांबची वस्तू डोळ्याला आखूड दिसते, तो आखूडपणा त्याने आधीच भरून काढला. आणखी पुढे गेलं की अचानक एक कालवाच आडवा येतो, एक किलोमीटरच्या आसपास लांबीचा. वाड्यावरून तो अजिबात दिसत नाही, कारण तो खोलगट भागात दडवलेला आहे. आँकेय नावाच्या छोट्या नदीचं पाणी वळवून तो तयार केला. गुहा त्याच्या पलीकडे, म्हणजे तिकडे जायला वळसा घालणं आलं. कॉम्प्युटर नाही, कॅड नाही. दोऱ्या, खुंट्या, पातळी आणि भूमिती एवढ्यावर हे सगळं बसवलेलं.

१७ ऑगस्ट १६६१ रोजी फुकेने तरुण राजा चौदावा लुई याला इथे मेजवानी दिली. कारंजी उडाली, मोलिएरच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, आतषबाजी झाली. तीन आठवड्यांत, ५ सप्टेंबरला फुके अटकेत! सरकारी पैसा खाल्ल्याचा आरोप. राजा मेजवानीचा थाट पाहून जळला असं सांगतात, पण अटकेचा बेत आधीच शिजला होता असं इतिहासकारांचं मत आहे. १६६४ मध्ये न्यायाधीशांनी हद्दपारीची शिक्षा दिली, राजाने ती वाढवून जन्मठेप केली. १६८० मध्ये फुके कैदेतच मेला.

आणि टीमचं काय झालं? राजाने अख्खी टीम उचलली. ल व्हो, ल ब्रँ, ल नोत्र तिघेही व्हर्सायच्या कामावर. व्होमधली झाडं आणि पुतळेसुद्धा राजाने नेले. ज्याने आपल्याला पहिली मोठी संधी दिली तो तुरुंगात सडतोय आणि आपण त्याला तिथे टाकणाऱ्याची बाग सजवतोय, याचं ल नोत्रला काय वाटलं असेल? त्याने ना पुस्तक लिहिलं, ना आठवणी. नकार देणं त्या काळात परवडणारं नव्हतं, हेही खरं.

व्हर्सायला मात्र निसर्गाने परीक्षा पाहिली. दलदलीची जमीन, आणि कारंज्यांना पाणी नाही! ग्रँड कॅनाल खोदला, सुमारे १६७० मीटर लांब. पण ते पाणी पडलं खाली, कारंजी वर. सगळी कारंजी एकदम चालवणं जमेना, म्हणून राजाची स्वारी जवळ आली की शिट्टीचा इशारा होई आणि तेवढीच चालू करत. लुआर नदीचं पाणी आणायची कल्पना निघाली, तेव्हा झाँ पिकार या शास्त्रज्ञाने लेव्हलिंग करून दाखवलं की नदीच खालच्या पातळीवर आहे. (लेव्हलचा उपयोग कळला ना?) मग १६८४ मध्ये सेन नदीवर मार्लीचं यंत्र उभं राहिलं : १४ पाणचक्क्या, २०० वर पंप, आणि चढ दीडशे मीटरहून जास्त. तेही कमी पडलं. अर नदीचा कालवा खोदताना हजारो सैनिक राबले, कित्येक तापाने दगावले आणि १६८८ च्या युद्धाने काम अर्धवट राहिलं. मँतनाँ इथे त्या जलसेतूच्या कमानी आजही तशाच उभ्या आहेत. बागेचं कौतुक करताना ही किंमतही लक्षात ठेवायला हवी.

ल नोत्रचा व्याप वाढतच गेला. शाँतियची बाग त्याचीच. त्युलेरीतून पश्चिमेला त्याने काढलेला सरळ रस्ता पुढे शाँझेलिझे म्हणून जगप्रसिद्ध झाला. १६७५ मध्ये राजाने त्याला सरदारकी दिली. तेव्हा आपल्या मानचिन्हात गोगलगायी आणि कोबीचा गड्डा असू द्या, अशी त्याने थट्टा केल्याचं सांगतात. १६९३ मध्ये जमवलेली मौल्यवान चित्रं त्याने राजाला देऊन टाकली. म्हातारपणी राजाने त्याला आपल्या शेजारी चाकांच्या खुर्चीत बसवून बागेत फिरवलं, तेव्हा हे बघायला बाप हवा होता, असं त्याला वाटल्याची आठवण आहे. १५ सप्टेंबर १७०० रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी तो गेला.

व्होची बाग पुढे पार दुरवस्थेत गेली. १८७५ मध्ये आल्फ्रेड सोमिए या साखर कारखानदाराने ती लिलावात घेतली आणि पुन्हा उभी केली. आज ती लोकांना पाहायला खुली आहे. मंत्री गेला, राजा गेला, राजेशाहीही गेली. पण माळ्याने साडेतीनशे वर्षांपूर्वी मांडलेला नजरेचा खेळ अजून प्रत्येकाला फसवतो. मित्रांनो, काम कोणासाठी केलं हे लोक विसरतात, कसं केलं ते टिकून राहतं. तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला रीडिंग्ज दुसऱ्याच्या जर्नलमधून छापू नका!