खाडीपलीकडचे मेकॅनिकलवाले

मी चंद्रपूरचा. वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरमधून निघणारा पांढरा ढग बघतच मोठा झालो. मेकॅनिकलला ॲडमिशन घेऊन नवी मुंबईत आलो, तेव्हा हॉस्टेलच्या गच्चीवरून खाडीपलीकडे ट्रॉम्बे दिसलं. अणुभट्टीचा घुमट दिसला, पण तसा टॉवर एकही नाही! असं का, हे शोधता शोधता डॉ. होमी भाभा भेटले.

जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९०९. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावं, ही वडिलांची इच्छा. मुलाचा जीव मात्र फिजिक्समध्ये. शेवटी तह झाला: केंब्रिजला मेकॅनिकलमध्ये फर्स्ट क्लास आणायचा, मग गणिताचा खर्च वडील करणार. १९३० साली भाभांनी तो आणला. वडिलांच्या आग्रहाने मेकॅनिकलला आलेला आणि थर्मोची के.टी. लागलेला मी हे वाचून जरा सावरलो.

१९३९ मध्ये ते सुट्टीला भारतात आले आणि महायुद्धामुळे इथेच राहिले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९५४ मध्ये ट्रॉम्बेचं केंद्र. १९५६ साली पाण्याच्या हौदातली 'अप्सरा' सुरू झाली, १९६० मध्ये ४० मेगावॅट उष्णतेची 'सायरस'. २०१० पर्यंत चाललेल्या सायरसमध्ये भट्टीला थंड करणारं शुद्ध पाणी बंद नळ्यांतच फिरायचं, आणि त्याची उष्णता हीट एक्स्चेंजरमधून समुद्राचं पाणी घेऊन जायचं. खाडी दाराशी असताना टॉवर कशाला?

कोळशाच्या खाणी पश्चिम किनाऱ्यापासून दूर, म्हणून इकडे अणुवीज परवडेल, हा भाभांचा हिशोब. त्यातून तारापूर उभं राहिलं. अशा केंद्रात साधारण एक तृतीयांश उष्णतेचीच वीज होते. उरलेली कंडेन्सरमधून बाहेर टाकावीच लागते. तारापूरला समुद्राचं पाणी एकदा फिरवून परत सोडतात. खारट पाण्याने नळ्या गंजू नयेत याची काळजी घ्यायची, एवढंच. आमच्या चंद्रपूरला कोळसा जवळ, पण पाणी इरई धरणाचं, मोजून मिळणारं. तेच पाणी टॉवरमध्ये गार करून पुन्हा वापरायचं. त्यातलं थोडं वाफ होऊन उडतं. लहानपणी मी ज्याला धूर म्हणायचो, तो हाच ढग!

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून भाभा गेले. तारापूरची वीज १९६९ मध्ये आली. ती त्यांना बघायला मिळाली नाही.

माझी के.टी. सुटली. मेकॅनिकल एकदम आवडायला लागलं असं नाही म्हणणार. पण सुट्टीत घरी गेलो तेव्हा तो ढग बाबांना मीच समजावून सांगितला.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल