तीन डोळ्यांचे प्रार्थनामंदिर

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तांबे व कथील यांच्या खाणींसाठी तो एके काळी जगभर प्रसिद्ध होता. जॉन वेस्ली तेथे वारंवार जात आणि उघड्या मैदानात खाणीतल्या मजुरांना सुवार्ता सांगत. याच परगण्यात, ट्रुरो शहराजवळच्या केर्ली डाउन्स या वस्तीत एक लहानसे मेथडिस्ट प्रार्थनामंदिर आहे. त्याला तीन खिडक्या, म्हणून लोक त्याला ‘थ्री आइज’, म्हणजे तीन डोळे, असेच म्हणत आले. ते बांधणाऱ्या बिली ब्रे याचे नाव वाचकांपैकी काहींनी ऐकले असेल. तो उपासनेत नाचे, रस्त्याने मोठ्याने स्तुती करीत जाई, स्वतःला राजाचा पुत्र म्हणवी, एवढेच बहुधा त्याच्याविषयी सांगितले जाते. आम्हांला येथे त्याच्या बांधकामाविषयी अधिक सांगावयाचे आहे.

विल्यम ब्रे याचा जन्म १ जून १७९४ रोजी ट्वेल्व्हहेड्स या खेड्यात झाला. त्याचे आजोबा वेस्लींच्या काळात मेथडिस्ट झालेले, आणि गावचे मंदिर बांधण्यास त्यांचा हात लागलेला. बाप लवकर वारल्यामुळे बिली या आजोबांच्या घरी वाढला. सतराव्या वर्षी तो डेव्हन परगण्यात कामाला गेला आणि तेथे दारूच्या नादी लागला. घरी परतला तो पक्का दारुडा होऊन. १८२१ साली जोआना हिच्याशी त्याचे लग्न झाले, पण मजुरी गुत्त्यात जाणे काही थांबले नाही.

मग बन्यनच्या नावाने छापलेले स्वर्ग व नरक यांच्या दृष्टान्तांचे एक पुस्तक त्याच्या हाती पडले आणि त्याची झोप उडाली. कित्येक दिवस तो गुडघे टेकून रडत होता. नोव्हेंबर १८२३ मध्ये त्याला पापक्षमेची खात्री मिळाली. दारू सुटली ती कायमची. पुढे तंबाखूही सुटली.

विल्यम ओब्रायन यांनी १८१५ साली डेव्हनमध्ये सुरू केलेल्या ‘बायबल ख्रिश्चन’ या मेथडिस्ट शाखेकडे त्याचा ओढा होता. तेथल्या वर्गसभेला तो पहिल्यांदा गेला त्या दिवशी पाऊस फार, म्हणून कोणी आलेच नव्हते! बिलीला याचे वाईट वाटले. तरी पुढे तो त्याच मंडळीत सामील झाला आणि सुमारे वर्षभरात तिचा स्थानिक उपदेशक झाला.

जवळच्या क्रॉस लेन्स वस्तीत उपासनेला जागा नव्हती. बिलीच्या आईचे तेथे लहानसे शेत होते. त्याच्या कडेचा तुकडा तिने दिला, आणि बिलीने बांध फोडून स्वतः पाया खणला. पायाच्या दगडावर उभे राहून त्याने उपदेश केला. हे मंदिर शंभर वर्षे टिकले आणि वर्षाला एकच आत्मा तारला गेला, तरी शंभर आत्मे होतील, आणि एका आत्म्याचे मोल साऱ्या कॉर्नवॉलहून अधिक, असा त्याचा हिशेब होता. भिंती दाराच्या चौकटीइतक्या वर आल्या तोवर मदतीला आलेले लोक पांगले होते. आपणही काम सोडून द्यावे असा मोह त्याला झाला. त्याने तो सैतानाचा मानला आणि पुन्हा थापी हाती घेतली. छपराच्या एका कैचीपुरत्या लाकडाला पैसे नव्हते. त्यासाठी तो प्रार्थना करीत असता शेजारच्या एका माणसाला, बिलीला एक पौंड द्यावा, अशी प्रेरणा झाली. ते लाकूड ट्रुरोहून आले. या मंदिराचे नाव बेथेल.

ते पुरे होते न होते तोच, १८३० च्या दशकात, त्याने केर्ली डाउन्सचे काम काढले. येथे सोबतीला बहुतेक त्याचा लहान मुलगाच असे. खाणीत सकाळची पाळी असली की तो दुपारनंतर बांधकामावर येई, दुपारची असली की सकाळी, आणि रात्रपाळी असली की दिवसा. कधी कधी चोवीस तासांत वीस तास काम होई. मंदिर उभे राहिले तरी व्यासपीठ नव्हते. एका लिलावात त्याला जुने तिकोनी कपाट दिसले. त्याचे व्यासपीठ चांगले होईल असे त्याच्या मनाने घेतले. खिशात काही नव्हते, पण कोणीतरी सहा शिलिंग दिले. बोली मात्र सात शिलिंगांवर गेली आणि कपाट दुसऱ्याने नेले. बिली गाडीच्या मागोमाग चालत राहिला. घरी पोहोचल्यावर ते कपाट त्या गृहस्थाच्या दारातून आत जाईना. शेवटी त्याने ते सहा शिलिंगांना बिलीला दिले आणि वर मंदिरापर्यंत पोहोचवूनही दिले.

संडे स्कूलच्या शिक्षकांना ही गोष्ट मुलांना सांगताना मजा येते, आणि येवो. पण हाती पैसा नसताना मंदिराचे काम काढावे काय, हा प्रश्न आपल्या पंच-कमिट्यांपुढेही येतो. श्रद्धा पुरे, असे काही म्हणतात. काहींना कर्जाची धास्ती वाटते. बिलीकडे बोट दाखवून पहिल्या पक्षाने फार जोर करू नये असे आम्हांला वाटते. त्याने आधी स्वतःचा घाम ओतला आणि मग हात पसरला. वर्गणीसाठी तो सेंट आइव्हजला गेला तेव्हा तेथील कोळ्यांना मासे मिळत नव्हते. वर्गणी बाजूला ठेवून तो त्यांच्यासाठीच त्यांच्याबरोबर रात्री प्रार्थना करीत राहिला. मासे आले, आणि मग मंदिरालाही पैसे मिळाले.

दुसरे असे की घरात लहान मुले होती, आणि त्यांत दोन अनाथ मुलांची भर बिलीनेच घातली होती. नवरा खाणीतून परस्पर बांधकामावर गेला की हे सारे जोआनाने सांभाळावयाचे. चरित्रात तिला फार थोडी जागा मिळाली आहे. ही मंदिरे तिचीही होत, असे आम्ही म्हणतो.

कॅरहॅरॅक येथे बिलीने तिसरे मंदिर बांधले आणि त्याला ‘मोठी सुटका’ असे नाव दिले.

बाल्ड्यूच्या टेकडीवर तो खाणीच्या वाटेने जाता-येता तेथील लोकांच्या तारणासाठी प्रार्थना करी. पुढे तेथे अँग्लिकन चर्च झाले. त्याला आनंद झाला, पण पाळक रेव्ह. विल्यम हॅसलम यांचा भर विधींवरच आहे असे पाहून तो खिन्न होऊन परतला. १८५१ साली हॅसलम साहेब व्यासपीठावरून उपदेश करीत असतानाच त्यांचे स्वतःचे परिवर्तन झाले. ते कळताच बिली त्यांच्या भेटीस धावला. पंथाची भिंत दोघांच्या मध्ये आली नाही.

२५ मे १८६८ रोजी बिली प्रभूकडे गेला. त्याला बाल्ड्यूच्या त्याच चर्चच्या आवारात पुरले. १८७१ साली एफ. डब्ल्यू. बोर्न यांनी त्याचे चरित्र छापले, त्यामुळे त्याचे नाव दूरदूर गेले.

पुढे कॉर्नवॉलच्या खाणी बसल्या आणि हजारो मजूर परदेशी गेले. बायबल ख्रिश्चन शाखा १९०७ साली युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये, आणि ते १९३२ साली ब्रिटनच्या एकत्रित मेथडिस्ट मंडळीत सामील झाले. केर्ली डाउन्सची वस्ती लहानच राहिली. १९८० च्या दशकात तीन डोळ्यांच्या मंदिराची डागडुजी झाली, आणि बिलीचे स्मारक म्हणून ते जतन करण्यात आले.