दक्षिणेचा हबशी वजीर : मलिक अंबर

माणसाची थोरवी त्याच्या कुळावरून वा वर्णावरून ठरत नाही, हे आपण सुभाषितांतून पाठ करतो. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने ते आपल्या आयुष्याने सिद्ध करून दाखविले.

सुमारे १५४८ साली आफ्रिकेतील हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, त्याचा जन्म झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. मीर कासीम नावाच्या धन्याने त्याला विद्या दिली व अंबर हे नाव ठेवले. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही एकेकाळचा हबशी गुलामच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला, काही काळ विजापूरच्या आदिलशाहीत चाकरीस राहिला आणि पुन्हा निजामशाहीत आला.

१६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतले. राज्य बुडाले असे वाटत असता अंबराने दुसऱ्या मुर्तजा निजामशहास परांड्यास गादीवर बसविले आणि मराठा स्वारांच्या बळावर गनिमी काव्याने मोगलांस जेरीस आणले. १६२४ साली भातवडीच्या लढाईत त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजांचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले व त्यांचे बंधू शरीफजी कामास आले.

परंतु अंबर केवळ योद्धा नव्हता. त्याने महसुलाची मक्तेदारी मोडली, जमिनीचा कस पाहून सारा ठरविला व रयतेस दिलासा दिला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी हे नगर वसविले आणि नहरीने तेथे पाणी खेळविले. तेच पुढे औरंगाबाद व आता छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते.

बादशहा जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात त्याच्या काळ्या वर्णावरून त्याला हिणविले. इतकेच नव्हे, तर अंबराच्या छिन्न मस्तकावर आपण बाण मारीत आहोत, असे चित्रही काढवून घेतले. जे रणात साधले नाही, ते कागदावर साधून घेतले! १६२६ साली अंबर वृद्धापकाळी मरण पावला. खुलदाबाद येथे त्याची कबर आहे.

अमेरिकेत कार्टर वूडसन या इतिहासकाराने १९२६ साली कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. १९७६ पासून तेथे सारा फेब्रुवारी महिना त्या स्मरणास वाहिलेला असतो. तो वारसा आम्हांस परका नाही. आमच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आणि शेजारच्या हल्याळ, यल्लापूर भागांत आफ्रिकी वंशाचे सिद्दी बांधव पिढ्यान् पिढ्या राहत आहेत. दमामाच्या ठेक्यावरील त्यांचे नृत्य प्रसिद्ध आहे. त्यांच्या कुरळ्या केसांस व वर्णास हसणारे मात्र अजूनही आढळतात. जहांगीराची ती खोड आपण का जपावी?

विद्यार्थी मित्रहो, आपल्या बोरगावात दरवर्षी थोरांच्या जयंत्या व पुण्यतिथ्या होतात. त्या मालिकेत एक दिवस मलिक अंबराचाही असावा, त्या दिवशी व्यासपीठावर दमाम वाजावा व एखाद्या सिद्दी बांधवास सन्मानाने पाहुणा म्हणून बोलवावे, असे आम्हांस मनापासून वाटते. ज्याने या मातीचे रक्षण केले, तो या मातीचाच होय.