शब्द एकाचे, जामीन गावे

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होते, हुतात्म्यांची नावे घेतली जातात आणि भाषणांत एक नाव हमखास येते. कासीम रझवी. ते नाव घेताना आपण त्याला राक्षस ठरवून मोकळे होतो. राक्षस म्हटले की पुढे विचार करायचे काम उरत नाही. पण हा माणूस पुराणातून आला नव्हता. तो आपल्या लातूरच्या कोर्टात वकिली करत होता. त्याच्याकडे गादी नव्हती, जहागिरी नव्हती, फौजेतला हुद्दा नव्हता. होती ती जीभ. त्या जिभेच्या जोरावर एका तालुक्याच्या गावचा वकील दोन वर्षांच्या आत निजामाच्या दरबारालाही डोईजड झाला. हे कसे घडले, हे समजून घेणे मला शिव्या देण्यापेक्षा जास्त गरजेचे वाटते.

रझवीचा जन्म १९०२ चा. कायद्याचे शिक्षण अलीगढला झाले आणि वकिलीसाठी त्याने लातूर धरले. लातूर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात होते. पण व्यापाराने भरभराटलेले. संस्थानात कोर्टकचेरीची भाषा उर्दू. रझवीची उर्दू धारदार, युक्तिवाद चपळ. हैदराबादेत १९२७ साली मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना निघाली होती आणि १९३८ पासून बहादूर यार जंग तिचे नेते होते. दक्षिणेत त्यांच्या तोडीचा उर्दू वक्ता विरळा, असा त्यांचा लौकिक होता. रझवीने आपली मालमत्ता संघटनेला देऊन टाकली आणि त्यांचा विश्वास मिळवला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. १९४४ साली बहादूर यार जंग अचानक वारले. १९४६ च्या डिसेंबरात मजलिसची सूत्रे रझवीच्या हाती आली आणि रझाकार दल त्याच्या शब्दावर चालू लागले.

आता त्याच्या वक्तृत्वाकडे पाहू. त्यातली पहिली खुबी अशी, की त्याने लोकांना स्वतःचा त्याग आधी दाखवला आणि मग मागणी केली. घरदार देणाऱ्याच्या हेतूवर शंका कोण घेणार? माणूस खरा वाटला की त्याचे म्हणणेही खरे वाटू लागते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

दुसरी खुबी अधिक खोल आहे. संस्थानात हिंदूंची लोकसंख्या साधारण ८५ टक्के होती आणि सत्ता मुसलमान राजाची. पण म्हणून गरीब मुसलमान सुखी होता असे नव्हे. टांगेवाला, विणकर, कचेरीतला शिपाई यांची चूल शेजारच्या हिंदूइतकीच कष्टाने पेटत होती. मजलिसने बहादूर यार जंग यांच्या काळापासून एक सूत्र मांडले होते. अनल मलिक, म्हणजे मीच राजा. राज्य निजामाचे असले तरी त्या सत्तेत प्रत्येक मुसलमान वाटेकरी आहे, असा त्याचा अर्थ. रझवीने हे सूत्र गल्लीबोळांत नेले. ज्याच्या अंगावर धड सदरा नव्हता त्याला भाषणापुरते राजेपण मिळाले. भाकरी मागणाऱ्याला मुकुट दिला की तो भाकरीचे विसरतो.

साबणाची जाहिरात बारकाईने पाहा. त्यात साबणाविषयी फार थोडे असते. असते ते चारचौघांत मिळणारे कौतुक. जाहिरातदार वस्तू पुढे करतो आणि माणसाला त्याचेच मोठे झालेले चित्र विकतो. रझवीने नेमके हेच विकले.

तिसरी खुबी भीतीची. भारतात सामील झालात तर धर्म जाईल, अब्रू जाईल, नोकऱ्या जातील. फाळणीच्या बातम्या येत होत्या, उत्तरेतून निर्वासित येत होते, त्यामुळे ही भीती निव्वळ काल्पनिक म्हणता येत नव्हती. अर्धे सत्य हाताशी असले की उरलेले खोटे त्याच्या आडून सहज खपते. भीतीच्या जोडीला भव्य चित्रे होती. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर असफजाही झेंडा फडकेल, बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाचे पाय धुतील, अशा आशयाची त्याची भाषणे १९४८ साली गाजली. इतक्या मोठ्या चित्रापुढे रणगाडे किती, दारूगोळा किती, असा साधा हिशेब विचारणारा भित्रा ठरतो. काही वेळा तर फितूर.

शब्दांनी जमवलेली गर्दी काय करू शकते, ते २७ ऑक्टोबर १९४७ ला दिसले. भारत सरकारशी जैसे थे कराराची बोलणी करायला निजामाचे शिष्टमंडळ दिल्लीला निघायचे होते. पहाटे रझवीच्या अनुयायांनी सदस्यांची घरे वेढली आणि जाणे थांबवले. पंतप्रधान छतारीचे नवाब राजीनामा देऊन बाजूला झाले. करार शेवटी २९ नोव्हेंबरला झाला, पण तोवर संस्थानाचा लगाम कुणाच्या हाती आहे हे उघड झाले होते. नांदेड, लातूर, बीदरच्या गावांवर रझाकारांचे हल्ले वाढले. माणसे घरेदारे सोडून सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत गेली. इमरोज या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान संस्थानाने भारतात विलीन व्हावे, अशी बाजू मांडत होते. १९४८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली. त्यांचा धर्म रझवीचाच होता, हे विसरू नये.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. लाल किल्ल्यापर्यंत जाणारे शब्द पाच दिवसही टिकले नाहीत.

इथे आपली भाषणे सहसा संपतात. खरे तर पुढचे पान वाचायला हवे. त्यानंतरच्या दिवसांत अनेक गावांत सूड उगवला गेला आणि तो रझवीवर नव्हे, त्याच्या नावाशी नाते जोडल्या गेलेल्या सामान्य मुसलमानांवर. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने अहवाल दिला. तो कित्येक दशके बाहेर आला नाही, २०१३ मध्ये अभ्यासकांना खुला झाला. सावध अंदाजानेही मृतांचा आकडा २७ ते ४० हजार, असे समितीने नोंदवले. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. खुद्द लातुरात वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालल्या आणि सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार समितीला गावात आढळले. हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबे वाचवल्याचीही नोंद त्याच अहवालात आहे. शब्द वकिलाचे होते. आधी त्यांची किंमत हिंदूंनी मोजली, मग मुसलमानांनी.

रझवीला अटक झाली, खटले चालले, बीबीनगरच्या दरोडा प्रकरणात शिक्षा झाली. १९५७ मध्ये तो येरवड्यातून सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. १९७० साली कराचीत, फारशी कुणाला दखल नसताना, तो वारला.

बँकेच्या नोकरीत मी नांदेड आणि लातूर या दोन्ही गावी बसलो आहे. मुदत ठेवी मोडून पैसे दामदुपटीच्या योजनेत टाकायला निघालेली माणसे टेबलासमोर यायची. हातात रंगीत पत्रक असायचे. काय मिळणार ते मोठ्या अक्षरात, उशीर केला तर संधी जाणार ते त्याहून मोठ्या अक्षरात. बुडाले तर कोण भरून देणार, याची ओळ मात्र कुठेच नसायची. आम्हाला कर्ज देताना पहिला प्रश्न शिकवलेला असतो, तो हाच. जामीन कोण?

रझवीच्याच काळात स्वामी रामानंद तीर्थ हेही लोकांना हाक देत होते. हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांत शिकवलेला हा संन्यासी. सत्याग्रहात सामील व्हा म्हणताना तुरुंग, लाठी आणि गेलेली नोकरी एवढेच त्यांच्याकडे देण्यासारखे होते. आणि त्या तुरुंगात ते स्वतः आधी जाऊन बसत. १९४७-४८ चा बराच काळ ते कोठडीतच होते. आपल्या शब्दांना ते स्वतः जामीन राहिले. १९७२ पर्यंत ते याच देशात, याच लोकांत राहिले आणि नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

मन वळवण्याची कला वाईट नाही. शिक्षक, लेखक, कीर्तनकार, व्यापारी सगळेच ती वापरतात. कादंबरी लिहिताना मीही वापरतो. ती कुठल्या एका धर्माची वा पक्षाची मिरासही नाही. रझवीचे व्यासपीठ गेले, पण त्याच्या युक्त्या रोज नव्या आवाजात आपल्या घरात, हातातल्या फोनपर्यंत येतात. तेव्हा बोलणारा आपल्याला मोठे करतो आहे की घाबरवतो आहे, हे आधी पाहावे. घाई करत असेल तर थोडे थांबावे. आणि मग मुलाबाळांसमोर मोठ्याने विचारावे, की हे खोटे ठरले तर भरायचे कुणी? उत्तरात त्याचे नाव नसेल आणि आपले असेल, तर सही करू नये.