रिकाम्या घरांचा हिशेब

एखाद्या माणसाचे मोठेपण त्याने काय भरले यावर न मोजता त्याने काय रिकामे ठेवले यावर मोजायचे ठरवले, तर मला पहिले नाव आठवते ते दमित्री इव्हानोविच मेंडेलीव्ह यांचे. सोने, लोखंड, गंधक, पारा, प्राणवायू अशा एकमेकांशी काडीचाही संबंध न दिसणाऱ्या द्रव्यांना त्यांनी एका तक्त्यात बसवले, हे आपण शाळेत शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. पण त्या तक्त्यात त्यांनी काही घरे मुद्दाम मोकळी सोडली होती आणि तिथे राहायला येणारा पाहुणा कसा असेल, हे आधीच लिहून ठेवले होते. या गोष्टीचे नवल मला आजही ओसरलेले नाही.

ही कहाणी सुरू होते ती मात्र त्यांच्या आईपासून. सैबेरियातल्या तोबोल्स्क गावी १८३४ साली दमित्री जन्मले. डझनाहून अधिक भावंडांत ते शेंडेफळ. वडील शिक्षक होते, पण त्याच वर्षी त्यांची दृष्टी गेली आणि नोकरीही सुटली. आई मारिया खचली नाही. जवळच्या खेड्यात तिच्या माहेरचा काचेचा कारखाना होता, तो तिने चालवायला घेतला. १८४७ साली नवरा गेला आणि पुढच्याच वर्षी कारखाना जळून खाक झाला. दुसरी एखादी बाई उरलेले किडुकमिडुक सांभाळत गावातच राहिली असती. मारियाने धाकट्या दमित्रीला आणि एका मुलीला बरोबर घेतले आणि दोन हजारांहून अधिक किलोमीटरची वाट तुडवून मॉस्को गाठले. मुलाला विद्यापीठात घालायचे, एवढाच ध्यास. मॉस्कोने दार उघडले नाही. मग सेंट पीटर्सबर्ग. तिथल्या शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत, जिथे त्याचे वडीलही शिकले होते, १८५० साली मुलाला प्रवेश मिळाला. त्यानंतर काही आठवड्यांतच मारियाने डोळे मिटले. जणू काम झाले, म्हणून निघाली.

आईचे ऋण मेंडेलीव्ह विसरले नाहीत. पुढे १८८७ साली द्रावणांवरचा मोठा ग्रंथ त्यांनी तिला अर्पण केला आणि सैबेरियातून आपल्याला बाहेर काढण्यासाठी तिने उरलासुरला पैसा आणि अंगातले त्राण कसे वेचले, ते अर्पणपत्रिकेत लिहिले. रसायनशास्त्राच्या पुस्तकात असा मजकूर क्वचितच सापडत असेल.

प्रकृती मात्र नाजूक. क्षय झाला आहे असा वैद्यांचा कयास होता, म्हणून पदवीनंतर हवाबदलासाठी दक्षिणेला क्रिमियात मास्तरकी. तिथे पिरोगोव्ह नावाच्या नामांकित शल्यवैद्याने तपासून क्षयाची भीती काढून टाकली, असे सांगतात. मग हायडेलबर्गला दोन वर्षे अभ्यास. याच काळात, १८६० साली, जर्मनीतल्या कार्ल्सरूहे येथे रसायनतज्ज्ञांची मोठी परिषद भरली आणि मेंडेलीव्ह तिथे श्रोत्यांत होते. तेव्हा या शास्त्रात मोठा सावळा गोंधळ होता. प्राणवायूचा अणुभार कोणी ८ धरी, कोणी १६. बाजारात प्रत्येक वाण्याचा शेर वेगळा असावा, तशी गत. इटलीच्या कॅनिझारोने त्या परिषदेत अणुभारांची एकच खरी मापे मांडली. ती मापे हाती आली नसती, तर पुढचे काही घडलेच नसते.

१८६७ साली ते पीटर्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले. रशियन भाषेत विद्यार्थ्यांना देण्याजोगे चांगले पुस्तक नव्हते, म्हणून स्वतःच लिहायला बसले. पहिला भाग संपला, तेव्हा जेमतेम आठ मूलद्रव्यांचे वर्णन झाले होते. तेव्हा माहीत होती ६३. उरलेली पंचावन्न एका भागात कोंबायची कशी? लेखकाची ही घरगुती अडचण, आणि तिच्यातून आवर्तसारणी जन्मली! १८६९च्या फेब्रुवारीत, रशियन पंचांगाप्रमाणे १७ तारखेला, त्यांना चीजचे कारखाने पाहायला जायचे होते. त्यासाठी आलेल्या पत्राच्या पाठीवर त्यांनी त्या दिवशी अणुभारांची आकडेमोड सुरू केली. तक्ता स्वप्नात दिसला ही कथा रंगवून सांगितली जाते. मला त्या कागदावरची खाडाखोड अधिक विश्वासार्ह वाटते.

त्यांनी केले काय, हे समजायला आपली वर्णमाला फार उपयोगी पडते. क, ख, ग, घ, ङ ही एक ओळ, त्याखाली च, छ, ज, झ, ञ, मग ट, ठ, ड, ढ, ण. आडव्या ओळीतली अक्षरे तोंडात एकाच ठिकाणी उमटतात आणि उभ्या रांगेतल्यांचा स्वभाव सारखा. ख, छ, थ, फ, सगळे हकारयुक्त. समजा, आपल्याला ‘ठ’ ठाऊकच नाही. तरी तक्ता पाहून सांगता येईल की ‘ट’च्या शेजारी एक घर रिकामे आहे आणि तिथला वर्ण ‘ट’च्या जागीच, पण हकार घेऊन उमटेल. मेंडेलीव्ह यांनी मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने लावली, तेव्हा गुणधर्मांची अशीच पुनरावृत्ती दिसू लागली आणि मधली काही घरे मोकळी राहिली.

असे प्रयत्न आधीही झाले होते. इंग्लंडमध्ये न्यूलँड्स यांनी संगीताच्या सप्तकासारखी मांडणी केली, तर भर सभेत त्यांना विचारण्यात आले की वर्णानुक्रमे लावून पाहिलीत का. जर्मनीचे लोथार मायर तर अगदी जवळ पोहोचले होते, आणि १८८२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने डेव्ही पदक दोघांना मिळून दिले, ते योग्यच झाले. पण पैज लावण्याचे धाडस मेंडेलीव्ह यांचे. नियम आणि मोजमाप यांचे जुळेना, तिथे त्यांनी मोजमाप चुकले असे सांगितले आणि युरेनियमचा तेव्हा मानला जाणारा अणुभार सरळ दुप्पट केला. १८७१ साली तीन अज्ञात मूलद्रव्यांची लक्षणे छापून टाकली आणि त्यांना नावे दिली एका-बोरॉन, एका-अ‍ॅल्युमिनियम, एका-सिलिकॉन. हा ‘एका’ म्हणजे आपला संस्कृत ‘एक’. बोरॉनच्या पुढचे एक घर. दोन घरांसाठी ‘द्वि’, तीनसाठी ‘त्रि’. पाणिनीचे संपादक आणि प्रचंड संस्कृत कोशाचे कर्ते ब्योटलिंक त्याआधी पीटर्सबर्गला होते, त्यांच्या सहवासातून हे आले असावे असा तर्क केला जातो. एवढ्यावरून सारे शोध आपल्या पोथ्यांत होतेच, असे म्हणायची घाई कुणी करू नये.

मग पाहुणे एकेक करून येऊ लागले. १८७५ साली फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ यांना गॅलियम सापडले. हा इतका कमी तापमानाला, तिसाच्या आतच, वितळणारा धातू की नागपूरच्या मे महिन्यात तो बशीत ठेवला तरी पाणी होईल. त्याची घनता त्यांनी ४.७ मोजली. पीटर्सबर्गहून मेंडेलीव्ह यांनी कळवले, की नमुना शुद्ध नसावा, घनता ५.९च्या आसपास हवी. ज्याने धातू हातात धरला, त्याला न पाहणारा चूक दाखवतो, केवढी हिंमत! पुन्हा शुद्ध करून मोजले तर ५.९च निघाली. १८७९ साली स्वीडनच्या निल्सन यांना स्कँडियम मिळाले, तोच एका-बोरॉन. आणि १८८६ साली जर्मनीत विंकलर एका चांदीच्या खनिजाचे पृथक्करण करीत होते, तर घटकांची बेरीज शंभर होईना, सुमारे सात टक्के कमीच. त्या सात टक्क्यांत जर्मेनियम लपले होते. भाकीत अणुभार ७२, निघाला ७२.३. पुढे पहिला ट्रान्झिस्टर याच मूलद्रव्याच्या तुकड्यावर चालला.

माणूस म्हणून मेंडेलीव्ह तापट. केस-दाढी वर्षातून एकदाच कापत. हाताने बॅगा बनवण्याचा छंद. १८८७च्या सूर्यग्रहणाला बलून पावसाने भिजून जड झाला, तर त्यांनी वैमानिकाला खाली उतरवले आणि अनुभव नसताना एकटेच तीन किलोमीटरहून वर जाऊन सुखरूप परतले. वोडकाचे चाळीस टक्क्यांचे प्रमाण त्यांनी ठरवले, ही मात्र निव्वळ दंतकथा. त्यांचा प्रबंध मद्यार्क आणि पाण्याच्या मिश्रणावर होता, एवढेच. १८९० साली विद्यार्थ्यांचे निवेदन त्यांनी शिक्षणमंत्र्यांकडे पोचवले, ते परत आले, तेव्हा त्यांनी प्राध्यापकी सोडली. पुढे वजनमापांच्या सरकारी खात्याचे प्रमुख म्हणून त्यांनी रशियात मेट्रिक पद्धतीची वाट मोकळी केली.

आणि तरी, एवढा दूरदृष्टीचा माणूस उतारवयात नव्या पाहुण्यांना दार उघडायला कचरला. आर्गॉन सापडला तेव्हा तो नत्रवायूचाच एक प्रकार असावा, असे त्यांनी म्हटले. काही वर्षांनी मानले. अणू फुटतो, एका मूलद्रव्याचे दुसरे होते, हे मात्र अखेरपर्यंत पटले नाही. क्यूरींची प्रयोगशाळा पाहून आले, तरी नाही. मला यात हट्टापेक्षा भीती दिसते. मूलद्रव्येच बदलू लागली, तर जन्मभर मांडलेला पट टिकेल का? प्रत्यक्षात तो टिकला. १९१३ साली मोझली यांनी दाखवले की खरा क्रम अणुभाराचा नसून अणुअंकाचा आहे, आणि आयोडीनच्या आधी टेल्युरियम का बसवावे लागले हे कोडेही सुटले. पण ते पाहायला मेंडेलीव्ह नव्हते. १९०६चे नोबेल समितीच्या शिफारशीनंतरही हुकले, फ्लोरीन वेगळा करणाऱ्या म्वासाँ यांना गेले. २ फेब्रुवारी १९०७ रोजी ते वारले. अंत्ययात्रेत विद्यार्थ्यांनी आवर्तसारणीचा तक्ता धरला होता, असे सांगतात.

१९५५ साली, शीतयुद्ध ऐन भरात असताना, अमेरिकेतल्या बर्कली येथे १०१वे मूलद्रव्य तयार झाले. अवघे सतरा अणू. अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्याला या रशियन माणसाचे नाव दिले, मेंडेलीव्हियम. २०१६ साली ११८व्या घराला नाव मिळाले आणि तक्त्याची सातवी ओळ पूर्ण भरली. त्यापुढचे ११९वे अजून कुणाला बनवता आलेले नाही. फ्रान्सियमच्या खालचे ते घर, म्हणून प्रयोगशाळांतून त्याला आजही एका-फ्रान्सियम म्हणतात.