हाफकिन आणि नोंदींचे इमान

पुण्याच्या पश्चिमेस असलेले मारुंजी हे काल-परवापर्यंत शेतीभातीचे गाव होते. आज तेथील नव्या वसाहतींतून राहणारी तरुण मंडळी शेजारच्या हिंजवडीत संगणकावर कामास जातात. औषधचाचण्यांची आकडेवारी तपासणे हाही पुण्याच्या या संगणक-व्यवसायाचा एक भाग झाला आहे. कर्करोगाचे एखादे औषध गुणकारी आहे की नाही, हे अखेर अशा नोंदींवरच ठरते. त्या नोंदींवर विश्वास कशाच्या बळावर ठेवावयाचा, हा प्रश्न मात्र जुना आहे. परळच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे, त्या वाल्देमार हाफकिन यांच्या चरित्रात त्याचे पुष्कळसे उत्तर सापडते.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओदेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू. धर्म बदलला असता तर रशियातच अध्यापकाची जागा मिळाली असती. ती नाकारून त्यांनी देश सोडला आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथालयातील साहाय्यकाची नोकरी पत्करली. १८९२ मध्ये पटकीची लस त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली व पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला तेव्हा सरकारने त्यांना तेथे पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर तीन महिन्यांच्या आत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी तिचीही पहिली टोचणी त्यांनी स्वतःलाच घेतली.

परंतु स्वतःला टोचून घेतल्याने धैर्य सिद्ध होते, गुण सिद्ध होत नाही. हे हाफकिन ओळखून होते. म्हणून भायखळ्याच्या तुरुंगात त्यांनी काही कैद्यांना लस दिली, काहींना दिली नाही आणि दोन्ही गटांची मोजदाद ठेवली. १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावी तर प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली. प्लेग शिरलेल्या घरांतून लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले, तर न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६.

या चाचण्या निर्दोष होत्या असे नव्हे. लस करणारा आणि तिची परीक्षा घेणारा एकच होता. तुरुंगातील कैद्याची संमती कितपत स्वखुशीची मानावी, हाही प्रश्न उरतोच. तथापि हाफकिन यांनी दोन्ही रकाने जगापुढे मांडले, आणि त्यामुळे शंका घेणाऱ्यास ते पडताळून पाहण्याची सोय राहिली.

याच नोंदींनी पुढे त्यांची अब्रू वाचविली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हे सर्व एकाच, ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतील लस घेतलेले होते. चौकशी आयोगाने ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. प्रयोगशाळा सरकारची, लसीची मोहीम सरकारची आणि आयोगही सरकारनेच नेमलेला. अशा चौकशीत खालच्या माणसावर दोष ढकलणे सोपे असते. चौकशीचे कागद लोकांपुढे यावयास १९०६ साल उजाडले. त्यांत असे दिसले की, बाटली गावात उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि बाटलीला दुर्गंधी नव्हती. मग रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ पुढे सरसावले व १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. मुंबईची प्रयोगशाळा मात्र त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले आणि १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

कागद झाकले तेव्हा निरपराध माणूस दोषी ठरला. याच्या उलटही घडते. १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डॉ. वर्नर बेझवोडा यांनी स्तनाच्या कर्करोगावर अतिशय तीव्र मात्रेचे औषधोपचार लाभदायक असल्याचे जाहीर केले. इतरांच्या चाचण्यांत तसा लाभ दिसत नव्हता. २००० मध्ये अमेरिकी तज्ज्ञ प्रत्यक्ष कागद तपासावयास गेले, तेव्हा अनेक रुग्णांच्या नोंदीच सापडल्या नाहीत. तुलनेच्या गटाला दिलेल्या औषधाविषयी खोटे सांगितल्याची कबुली बेझवोडा यांना द्यावी लागली. ज्या उपचारांत शरीराचे अतोनात हाल होतात, त्यांची शिफारस अशा पायावर उभी होती.

उघड लबाडी विरळाच. हितसंबंधांचा ओढा मात्र नित्याचा आहे. औषध कंपनीचे, चाचणीचा खर्च कंपनीचा, आणि यश कशाने मोजावयाचे हेही पुष्कळदा कंपनीच ठरविते. गाठ लहान झाली म्हणजे रोग्याचे आयुष्य वाढलेच असे नाही. तरी जाहिरातीस तेवढे पुरते. त्यातून कर्करोगाचा रोगी म्हणजे हातघाईस आलेला माणूस. तो पुढे केलेल्या कागदावर सही करतो. त्याची संमती भायखळ्याच्या कैद्याहून फार मोकळी असते असे म्हणवत नाही.

आपल्याकडे १५ जून २००९ पासून चाचणी सुरू करण्यापूर्वी तिची राष्ट्रीय नोंदणी सक्तीची झाली व २०१९ मध्ये नवे नियम आले. हे योग्यच झाले. परंतु आरंभ नोंदविला आणि निष्कर्ष दडविला तर नोंदणीला अर्थ उरत नाही. प्रतिकूल निष्कर्षही ठरावीक मुदतीत प्रसिद्ध झाले पाहिजेत, मूळ आकडे त्रयस्थ तज्ज्ञांना पाहावयास मिळाले पाहिजेत, आणि आपल्या डॉक्टरला या चाचणीसाठी कोणाकडून किती मोबदला मिळतो, हे सही करण्यापूर्वी रोग्याला कळले पाहिजे.

हाफकिन यांच्या खोलीतील त्या एका कारकुनाचे नाव आज कोणी घेत नाही. मारुंजीत राहून रात्रपाळीला आकडे तपासणाऱ्या मुलामुलींची नावेही कोणी घेणार नाही. पण एखादा रकाना जुळत नाही असे त्यांनी सांगितले, तर ते ऐकून घेणारा आणि त्यापायी त्यांची नोकरी जाऊ न देणारा कायदा असला पाहिजे. कोठल्या तरी इस्पितळातील रोग्याचा जीव त्यावर अवलंबून असतो.